‘कार्यक्रम कधी आहे?’ : डान्सच्या दुकानातून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की नाशिकला गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत माझं डान्सच्या कपड्यांचं छोटं दुकान आहे, तर त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की संपादक म्हणाले आता उत्तरंही तुम्हीच द्या. मी काही लेखिका नाही, गल्ल्यावर बसून लिहितेय, गिऱ्हाईक आलं की उठते, त्यामुळे मध्येच तुटल्यासारखं वाटलं तर सांभाळून घ्या. नावं छापायची नाहीत असं ठरलंय, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, माझं कथक मध्यमा पूर्णच्या परीक्षेपर्यंत झालंय. दोन-अडीच लाख जमवलेत. इंदिरानगरला दहा बाय बाराचा गाळा मिळतोय आणि ओळखीत भांडी बाजारात त्याहून कमी भाड्याने मिळतोय. कुठला घेऊ? पहिला माल काय भरू? (इंदिरानगर)

आधी गाळ्याचं बोलू. भांडी बाजारातला रस्त्याच्या पातळीला आहे की वर जोत्यावर, ते बघून या. आपल्याकडे गोदेला पूर आला की निम्मं नाशिक नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघायला जातं, आणि त्याच वेळी त्या भागातले दुकानदार माल माळ्यावर चढवत असतात. भांडी भिजली तर पुसून विकता येतील, जरीचा कॉस्च्युम भिजला की गेलाच. शिवाय तिकडे जुन्या गावात बाई येते ती सणावाराच्या खरेदीला, गाडी कुठे लावू यातच तिचा अर्धा जीव जातो, ती तुमच्याकडे हेअरनेट घ्यायला मुद्दाम यायची नाही.

तेव्हा इंदिरानगर. पण सही करायच्या आधी एक आठवडा रोज संध्याकाळी पाच ते आठ त्या गाळ्याच्या आजूबाजूला चालत फिरा आणि क्लास मोजा, कथकचे, भरतनाट्यमचे, बॉलीवूडचे, झुंबाचे, सगळे. मुलगी आत गेली की आई बाहेर स्कूटीवर मोबाईल बघत बसते, तिच्या हातात पाऊण-एक तास असतो आणि जायला जागा नसते, तो तास तुमच्या दुकानात आला पाहिजे. मी सुरुवातीला दर्शनी बाजूला काचेचं मोठं शोकेस केलं होतं, हौसेने, लाइट वगैरे लावून. दीड वर्षाने काढून टाकलं आणि तिथे साधा लाकडी बाक ठेवला, शेजारी पाण्याचा माठ. काय सांगू, त्या बाकाने मला जेवढं गिऱ्हाईक दिलं तेवढं शोकेसने नाही दिलं. कोणत्या क्लासचं अरंगेत्रम (भरतनाट्यमचा पहिला एकटीचा जाहीर कार्यक्रम) ठरतंय, कोणत्या ताईंनी यंदा ग्रुपचा रंग बदललाय, कोणत्या शाळेत तिसरीला कोळीगीत आलंय, हे सगळं त्या बाकावर बोललं जातं, मी आपली घड्या घालत ऐकत असते.

माल भरताना कॉस्च्युमच्या नादी लागू नका. मला माहितीये तुम्हाला ते चमचमणारे घागरे टांगायची फार इच्छा असणार, मलाही होती. कॉस्च्युम नेहमी ऑर्डरवर, निम्मे पैसे आधी घेऊन. दुकानात ठेवायचं ते रोजचं : प्रॅक्टिसचे सुती कुर्ते-चुडीदार, ओढण्या, भरतनाट्यमच्या प्रॅक्टिस साड्या पायजम्यासकट, काळ्या लेगिंग्ज, आतून घालायच्या अंगाच्या रंगाच्या स्लिप, एका पायाला २५-५०-१०० नग असे घुंगरू. आणि गल्ल्याच्या समोर बारीकसारीक वस्तू, यू पिना, सेफ्टी पिना, हेअरनेट, गंगावन, अल्ता, खोटे गजरे. यात सुटतं ते दहा-वीस रुपये, पण महिन्यातून तीनदा माणूस दारात येतं आणि चौथ्यांदा अरंगेत्रमची ऑर्डर घेऊन येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या गल्ल्याच्या मागे कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर लाल पेनने क्लासचे कार्यक्रम आणि निळ्याने परीक्षा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नाचाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला असतात हे तुम्ही स्वतः दिल्यात म्हणून माहितीच असेल. मग आषाढात गुरुपौर्णिमा, क्लासमध्ये घुंगरू पूजन होतं तेव्हा नवे घुंगरू लागतात, मग गणपतीतले मंडळांचे कार्यक्रम, नवरात्रात चनिया चोळी, डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, २९ एप्रिलला जागतिक नृत्यदिन. या सगळ्याच्या दीड महिना आधी माल दुकानात हवा. आपल्या धंद्यात उशिरा आलेला कपडा फुकट दिला तरी कोणी नेत नाही. म्हणून दारात आलेल्याला माझा पहिला प्रश्न ‘काय दाखवू?’ असा नसतो, ‘कार्यक्रम कधी आहे?’ असा असतो. त्या एका उत्तरावरून मला कळतं की शिवून देता येईल, तयार द्यावं लागेल की सरळ भाड्याचं सुचवावं.

प्रश्न : आमचं सिन्नरला ड्रेपरी (नाटक-नाचाचे कपडे) भाड्याने द्यायचं दुकान आहे. गॅदरिंगच्या सीझनला शाळा उशिरा परत करतात, डाग पडलेले असतात, डिपॉझिट कापलं की भांडण. गिऱ्हाईक तुटू न देता हे कसं सांभाळायचं? (सिन्नर)

भाऊ, तुमच्या दुखण्यावर माझ्याकडे रामबाण नाहीये, पण मी स्वतः कशी तोंडावर आपटले ते सांगते.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट, एका शाळेची कोळीनृत्याची ऑर्डर होती, चौसष्ट मुलं. मुलांना टोपी, रुमाल, जाळी, मुलींना कोळी पद्धतीची शिवलेली साडी, वेणी, दागिने. मॅडमनी सांगितलं कार्यक्रम शनिवारी आहे, मी वहीत शनिवार लिहिला आणि गठ्ठे बांधून शुक्रवारी संध्याकाळी पोचवले, वर स्वतःवर खूश की एक दिवस आधी दिले. तर शाळेत मॅडम नुसत्या माझ्याकडे बघत उभ्या. रंगीत तालीम शुक्रवारी सकाळी होती! मुलं युनिफॉर्मवर नाचली, पालक प्रतिनिधी बघायला आलेले, मुख्याध्यापक चिडलेले, आणि शनिवारी ऐन वेळी कळलं की अकरा मुलींच्या साड्या आखूड होतायत, कारण तालमीत घालून बघितल्याच नव्हत्या. माझी शिलाईवाली आणि मी कालिदास नाट्यगृहाच्या ग्रीनरूममध्ये फरशीवर बसून सेफ्टी पिना लावत होतो आणि बाहेर निवेदिका ‘आता सादर होत आहे’ म्हणत होती. चूक कोणाची? त्यांनी सांगितलं नाही हे खरं, पण दिवसाआड ड्रेपरी देणारी मी, मी विचारायला हवं होतं. ती शाळा पुढच्या वर्षी आली नाही आणि मी फोनही केला नाही, तोंड नव्हतं.

तेव्हापासून माझ्या पावतीवर चार तारखा असतात : माप घ्यायची, रंगीत तालमीची, कार्यक्रमाची, परत द्यायची. चारही शिक्षकांकडून त्यांच्याच हाताने लिहून घेते. स्वतःच्या अक्षरात लिहिलेली तारीख माणूस सहसा नाकारत नाही, आणि उशीर झाला तर भाडं दर दिवसाला किती वाढेल ते तिथेच खाली छापलेलं असतं.

डागांचं म्हणाल तर डाग पडणारच हो, मुलं आहेत, नाचून झालं की लगेच हातात वडापाव घेतात. मेकअप आणि घामाचे डाग मी भाड्यातच धरते, त्याचं डिपॉझिट कापत नाही. फाटणं, हरवणं आणि तेलकट डाग एवढ्याचेच कापते, आणि देताना गठ्ठा उघडून नग मोजून मोबाईलवर एक व्हिडिओ करते, शिक्षकांच्या समोर. व्हिडिओ सुरू केला की सगळ्यांचं आपोआप नीट मोजलं जातं, भांडणाची वेळ क्वचित येते. आणि हो, परत आलेला गठ्ठा त्याच दिवशी उघडा, थंडीत ओले कपडे गठ्ठ्यात राहिले की जो वास बसतो तो मग देवसुद्धा काढू शकत नाही.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, नुकतंच कथक लावलंय. घुंगरू किती घ्यायचे? ऑनलाइन १०० चा जोड स्वस्त दिसतोय, पुढे उपयोगी पडतील म्हणून तेच घेऊ का? (पाथर्डी फाटा)

नका घेऊ. आधी क्लासच्या ताईंना विचारा, बऱ्याच जणी पहिले काही महिने घुंगरू बांधूच देत नाहीत, तळपाय जमिनीवर नीट पडायला लागेपर्यंत. मग लहानांना एका पायात २५ किंवा ५०, मोठ्यांना १००, पुढे तयारी झाली की १५० सुद्धा. सात वर्षांच्या पोरीच्या पायात शंभराचा चाळ म्हणजे पाय उचलायच्या ऐवजी ओढायला लागते, आणि लागलेली सवय मोडायला ताईंना वर्ष जातं.

घेताना ऐकून घ्या, नुसतं बघून नको. माझ्याकडे आलात तर मी एक-एक घुंगरू चिमटीत धरून कानाशी वाजवून दाखवते, आतली गोळी मोकळी फिरतेय का, फट नीट आहे का. शंभरात चार-पाच मुके निघतातच. मग दोरी बघा. कथकचे घुंगरू जाड सुती दोरीत ओवलेले असतात आणि प्रत्येक घुंगराच्या पुढे-मागे गाठ असते, ती गाठ नसली तर सगळे घरंगळून घोट्याच्या एका बाजूला जमतात आणि हाडावर आपटून पाय निळा होतो. भरतनाट्यमचे वेगळे, पट्ट्यावर रांगेत शिवलेले, ते कथकला चालत नाहीत, दुकानदार ‘चालतात हो’ म्हणाला तरी. पुष्कळ घुंगरू येतात ते उत्तर प्रदेशातल्या जलेसरहून, तिथे घंटा आणि घुंगरू ओतायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, तेव्हा ‘आमच्याकडे बनतात’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचे आणि कापडी पिशवीत ठेवायचे. प्लॅस्टिकमध्ये घामाने पितळेवर हिरवट चढतं. दोरी भिजवू नका, कुजते. आणि क्लासच्या बॅगेत चपलांबरोबर कोंबू नका, ताई रागावतील ते वेगळंच.

प्रश्न : बायका दुकानात येतात, ट्रायल घेतात, साइज कळला की घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. संताप होतो. (नाशिक रोड)

होतो ना, मलाही व्हायचा. एकदा तर एक ताई ट्रायल रूममध्येच फोटो काढून ऑर्डर टाकत होत्या, आतून ‘साइज एम ना?’ असं मलाच विचारलं! मी एम सांगितला, काय करणार.

पण आता मी भाव करत बसत नाही, कारण साध्या काळ्या लेगिंगमध्ये आपण त्या मोठ्या साइट्सना हरवू शकत नाही, ते सोडून द्या. जिथे माप चुकलं की सगळं चुकतं तिथे उभं राहा. लिओटार्डचंच बघा, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा नाचाचा एकसंध कपडा, छाती-कंबर मापून भागत नाही, टेप खांद्यावरून खाली दोन पायांच्या मधून फिरवून परत त्याच खांद्यावर आणावा लागतो, तो आकडा चुकला तर मुलीने हात वर केला की कापड काचतं. ऑनलाइन चार्टमध्ये तो रकाना असला तरी घरात कोणाला घेता येत नाही. बॅलेच्या सपाता तर पायमोज्यासारख्या बसायला हव्यात. आपल्याकडे आईचा हट्ट असतो, ‘जरा वाढत्या पायाचं द्या हो, सहा महिन्यांत लहान होतील.’ मी त्यांना खाली बसवते आणि मुलीला टाचा उचलायला लावते, ढिली सपाता पुढे बोटांच्या खाली गोळा होते ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, मग बोलायला लागत नाही. शाळेचे बूट वाढते घ्या, नाचाचे नको. आणि टोकावर उभं राहायचे ते पॉइंट शूज कोणी बारा वर्षांच्या आतल्या मुलीसाठी मागितले तर मी शिक्षकांच्या निरोपाशिवाय देतच नाही, विक्री गेली तरी चालेल, पायाची हाडं अजून वाढत असतात.

माझ्याकडे एक वही आहे, लांबट, हिशेबाची असते तशी. त्यात प्रत्येक मुलीचं पान, दर सहा महिन्यांनी माप, डावा पाय उजव्यापेक्षा मोठा असेल तर तेही, कोणत्या कापडाने अंगाला खाज येते तेही. आता आई नुसता फोन करते, ‘ताई, हिचं माप आहे ना तुमच्याकडे, पांढरा अंगरखा पाठवून द्या.’ ती वही ऑनलाइनवाल्यांकडे नाहीये.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर पाचशे जणांना नवीन मालाचे फोटो टाकते, कोणी बघतच नाही. काय चुकतंय? (सिडको)

दोन गोष्टी. एक तर ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी २५६ च जण बसतात, आणि त्यातही ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणजे तुम्ही पाचशे म्हणताय त्यातल्या निम्म्यांना गेलाच नसेल. बिल देताना ‘ताई, नंबर सेव्ह करा ना, दुकानाच्या नावाने’ असं म्हणायचं आणि त्या करेपर्यंत हसत उभं राहायचं, लाज नाही बाळगायची.

दुसरं, सगळ्यांना सगळं टाकू नका. बिझनेस ॲपमध्ये लेबलं लावता येतात. मी क्लासप्रमाणे आणि परीक्षेप्रमाणे लावलीयेत. प्रवेशिका प्रथमवाल्यांना परीक्षेच्या महिनाभर आधी एकच मेसेज जातो, ‘परीक्षा जवळ आली, घुंगराची दोरी तपासून घ्या, सैल असेल तर आणा, गाठी मारून देते, पैसे नाहीत.’ पंधरा-वीस जणी येतात, त्यातल्या निम्म्या काहीतरी घेऊन जातात, न घेतलं तरी बाक आहेच. गुड मॉर्निंगचे फुलं-सूर्य मात्र कृपा करून बंद करा, लोक त्यानेच म्यूट करतात.

आणि मुलींचे कॉस्च्युममधले फोटो इन्स्टावर टाकायच्या आधी आईवडिलांना विचारा, प्रत्येक वेळी, मागच्या वर्षी हो म्हणाले होते म्हणून यंदा गृहीत धरू नका. मी लहान मुलींचे चेहरे टाकतच नाही, पाय आणि घुंगरू टाकते. तेच फोटो जास्त बघितले जातात, गंमत म्हणजे.

प्रश्न : मी ४८ वर्षांची. मुलं मोठी झाली, आता भरतनाट्यम लावलंय. एका दुकानात प्रॅक्टिस साडी मागितली तर ‘मुलगी कितवीत आहे?’ विचारलं. माझ्यासाठी म्हटल्यावर तो मुलगा असा काही बघायला लागला की मी काही न घेता परत आले. (महात्मानगर)

वाचून मला माझीच लाज वाटली, कारण हे मीही केलंय. पन्नाशी पार केलेल्या एक बाई आल्या होत्या, मी सवयीने म्हटलं, ‘नातीसाठी का?’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘नात गाणं शिकते, नाचते मी.’ त्या आजही माझ्याकडे येतात हा त्यांचा मोठेपणा. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या कोणालाही ‘कोणासाठी’ विचारायचं नाही असा नियम केलाय, मदतीला असलेल्या पोरीलाही तेच शिकवलंय. नुसतं ‘कोणता नाच?’ एवढंच विचारायचं, पुढचं माणूस आपणहून सांगतं.

तुमच्यासाठी कामाचं सांगते. प्रॅक्टिस साडी सुतीच घ्या, जरा जाडसर, आणि पायजमा गुडघ्यात व घेरात सैल हवा कारण अर्धमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसताना तिथेच ताणतो आणि बाहेर जाऊन शिवण उसवण्याइतकं वाईट काही नाही. ब्लाउजचा मुंढा मोकळा शिवायला सांगा, टेलर बायका सणाच्या ब्लाउजसारखा घट्ट शिवतात आणि मग हात खांद्याच्या वर जात नाही. ट्रायल घेताना दुकानात खाली बसून बघा, खरंच, अर्धमंडीत बसून बघा. दुकानदार बघत असेल तर बघू दे.

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा कथक शिकतो. दुकानात सगळं मुलींचं, तो बाहेरच उभा राहतो. (पंचवटी)

दादा, बहुतेक दुकानदार मुलग्यांचा एक खण सुद्धा ठेवत नाहीत, ‘खप नाही’ म्हणतात, ठेवलाच नाही तर खपेल कसा. मी खालच्या कपाटात ठेवायचे, मग एका मुलाने विचारलं की आमचं असं लपवून का ठेवलंय. आता दारासमोरच्या खुंटीला मुलांचा अंगरखा टांगलेला असतो, लाल-निळा, आणि बाजूला पंडित बिरजू महाराजांचा नाचतानाचा फोटो. मुलं तो बघून आत येतात. लागणारं फार नाही : गुडघ्याखाली जाणारा घेरदार कुर्ता, चुडीदार, कमरेला बांधायला दुपट्टा, घुंगरू तेच. चुडीदार घेताना लांबी जास्त घ्या, चुण्या पडल्या पाहिजेत, आणि नाडीची घ्या, इलॅस्टिकची चक्कर घेताना खाली सरकते आणि मग स्टेजवर मुलगा एका हाताने चक्कर घेतो. त्याला एकदा घेऊन या, कपडे नंतर बघू, नुसतं दुकान बघायला.

प्रश्न : क्लासच्या मॅडम दर मुलीमागे कमिशन मागतायत, नाही दिलं तर दुसऱ्या दुकानात पाठवेन म्हणतात. द्यावं का? (अशोकनगर)

सगळीकडे चालतं हे, खोटं कशाला बोलू. मी देत नाही. सोवळी आहे म्हणून नव्हे, ते पैसे शेवटी मी कॉस्च्युमच्या किमतीतच लावणार आणि बाकावर बसलेल्या बायकांना ते आठ दिवसांत कळणार. त्याऐवजी मी शिक्षकांना उघडपणे देते : ग्रुपची ऑर्डर असेल तर ताईंचा स्वतःचा कॉस्च्युम फक्त शिलाईच्या खर्चात, आणि ज्या मुलीला परवडत नाही तिचं नाव त्यांनी मला गुपचूप सांगायचं, तिचा ड्रेस मी भाड्याशिवाय देते. दोन क्लास त्यामुळे गेले माझे. एक परत आला, एक नाही आला.

प्रश्न : ताई, मी कंटेम्पररी डान्स शिकते, बारावीत आहे. स्किन कलरच्या नावाखाली जे मिळतं ते सगळं गोऱ्यापान रंगाचं असतं, माझा रंग सावळा आहे, स्टेजवर पाय वेगळे आणि हात वेगळे दिसतात. (ओझर)

तुझं अगदी बरोबर आहे, आणि हे दुखणं फक्त तुझं नाहीये. परदेशात सावळ्या मुली वर्षानुवर्षं गुलाबी बॅले शूजना स्वतःचं फाउंडेशन फासून रंगवायच्या, २०१८ मध्ये कुठे लंडनच्या फ्रीड कंपनीने बॅले ब्लॅक या ग्रुपबरोबर तपकिरी रंगातले पॉइंट शूज काढले. आपण सगळे गव्हाळ-सावळे, आणि माल येतो गुलाबी!

घरचा उपाय सांगते. सुती किंवा नायलॉनची स्लिप, पट्ट्या, स्टॉकिंग्ज असतील तर कोऱ्या चहाच्या पाण्यात रंगव. दोन लिटर पाण्यात मूठभर चहा पावडर उकळ, गाळ, कोमट झालं की चमचाभर मीठ टाकून कपडा बुडव आणि दर पाच मिनिटांनी काढून मनगटाला लावून बघ. ओला असताना गडद दिसतो, वाळला की एक छटा उतरतो, ते धरून चाल. आधी जुन्या तुकड्यावर कर, पॉलिस्टर असेल तर रंग धरणार नाही. जमलं नाही तर बसने ये, माझ्याकडे तीन छटांचं कापड आहे, शिवून देते. कार्यक्रम कधी आहे तेवढं आधी कळव.

प्रश्न : जीएसटी, लायसन्स वगैरे काय लागतं? (सातपूर)

थोडक्यात. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर शॉप ॲक्टची नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) फुकट असते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. माल विकायचा धंदा असेल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी, पण राज्याबाहेर माल विकलात तर त्याआधीच लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के आहे, म्हणजे भारी कॉस्च्युमचा भाव सांगताना ते धरूनच सांगा, नंतर ‘वर जीएसटी’ म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. बाकी सीएला विचारा.

प्रश्न : उधारी? (देवळाली कॅम्प)

शिक्षकांना हो, पालकांना हप्ते हो, मंडळांना नाही. मंडळाचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो.

प्रश्न : आजीची येवल्याची पैठणी आहे, चाळीस वर्षांची. मुलीच्या अरंगेत्रमला ती कापून कॉस्च्युम शिवून मिळेल का? भावनिक आहे म्हणून विचारतेय. (कॉलेज रोड)

शिवून मिळेल, मी नाही शिवणार.

अहो, भरतनाट्यमचा कॉस्च्युम म्हणजे साडीचे पाच-सहा तुकडे होतात, पायजमा वेगळा, पुढचा पंखा वेगळा, पदर वेगळा, मागचा भाग वेगळा. पदरावरचे मोर मधोमध कापले जातील. चाळीस वर्षांची जर आधीच ठिसूळ झालेली असते, त्यात दोन तासांच्या नाचाचा घाम, आणि पैठणी काही घरी धुता येत नाही. एका कार्यक्रमानंतर ती पेटीत जाईल आणि परत कधी निघणार नाही, कापलेली म्हणून कोणाला नेसताही येणार नाही.

त्यापेक्षा असं करा. कांजीवरम सिल्कमध्ये पैठणीच्या रंगाशी मिळता रंग शोधू, मला तुमची साडी एक दिवस आणून दाखवा, मी गावात व्यापाऱ्यांकडे घेऊन जाते आणि काठाचा रंग जुळवून आणते. आणि पैठणी आजींना नेसवा, पहिल्या रांगेत बसवा. आजी नसतील तर तुम्ही नेसा. तारीख कळवा फक्त, पंखा शिवायला माझ्या कारागिराला तीन आठवडे लागतात आणि घाई केली की तो चुण्या वाकड्या घालतो.